सायकल मोहिमेचा जमाखर्चही फलकावर लावा

प्रति,
सामाजिक कामासाठी सायकल मोहिमा काढणारे सर्व क्लब, ट्रस्ट आणि त्यांचे कार्यकर्ते यांस,

स.न.वि.वि.

पावसाळा सरत आला की तुमच्या जाहिराती सुरू होतात. पुणे ते गोवा, पुणे ते महाबळेश्वर, मुंबई ते नाशिक. कुठे कर्करोग झालेल्या मुलांसाठी, कुठे पाड्यावरच्या शाळेसाठी, कुठे मुलींना सायकली देण्यासाठी. जाहिरातीत घाटातलं वळण असतं, ओळीने चाललेले हेल्मेटवाले असतात आणि खाली लिहिलेलं असतं की तुमचं प्रत्येक पेडल कुणाच्या तरी कामी येणार आहे. हे वाचलं की मला दर खेपेला विचारावंसं वाटतं, नक्की किती कामी येणार आहे?

हे बाहेरून बोट दाखवणाऱ्याचं पत्र नाही. मी या मोहिमांत वर्षानुवर्षं भाग घेत आलोय आणि गुडघे साथ देतील तोवर घेणार आहे. पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात दिवे लावून निघालेली रांग, कापूरहोळला पोहे, खंबाटकीच्या चढावर पायात गोळे आल्यावर तुमच्याच एखाद्या पोराने धावत आणून दिलेलं मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं मला मनापासून आवडतं. पोलिसांची परवानगी काढणं, रुग्णवाहिका ठरवणं, दीडशे माणसांच्या झोपण्याची सोय लावणं ही कामं किती कटकटीची असतात याचीही कल्पना आहे. तुम्ही ती फुकट करता. म्हणूनच तुमच्याशी स्पष्ट बोलायला हरकत नाही असं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: सायकल चालवण्याचा खर्च आणि दान, या दोन गोष्टींचे हिशोब वेगळे ठेवा, आणि मोहीम संपल्यावर दोन्ही लोकांसमोर मांडा.

आज काय होतं ते बघू. आकडे मी धरलेले आहेत, पण पुणे-गोव्यासारखी तीन दिवसांची मोहीम केलेल्या कुणालाही ते फार चुकीचे वाटणार नाहीत. समजा दीडशे जण आले आणि प्रत्येकाने ६,००० रुपये नोंदणी शुल्क भरलं. झाले ९ लाख. जर्सी ९०० रुपयांना एक, म्हणजे १ लाख ३५ हजार. दोन रात्रींचा मुक्काम माणशी २,४०० धरला तर ३ लाख ६० हजार. तीन दिवसांचं खाणंपिणं माणशी १,५००, म्हणजे सव्वादोन लाख. इथवर ७ लाख २० हजार संपले. सपोर्ट गाड्या, रुग्णवाहिका, मेकॅनिक, मंडप, ध्वनिक्षेपक, मेडल, आणि हल्ली ज्याच्याशिवाय सूर्य उगवत नाही तो ड्रोन, या सगळ्याला दीड लाख कमीच धरले. उरले ३० हजार. साधी मजबूत सायकल ६,००० रुपयांना मिळते असं धरलं तर त्यात पाच सायकली येतात. दीडशे माणसं तीन दिवस घाम गाळतात, पाच घाट चढतात-उतरतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि मुलींच्या हाती पडतात पाच सायकली. बाकीचे पैसे आपण स्वतःवरच खर्च केलेले असतात.

यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. उलट आयोजक खिशातले घालतात हेही मी पाहिलंय. तक्रार वेगळी आहे. ज्याने ६,००० भरले त्याला वाटतं की आपण ६,००० दान केले. घरी तसं सांगतो, ऑफिसात तसं सांगतो आणि वर्षभर तेवढ्यावर निभावतो. प्रत्यक्षात त्याने २०० रुपये दिलेले असतात. बाकीच्या ५,८०० रुपयांत त्याने एक छान सहल केली. सहल करायला कुणाची ना नाही. पण तिला सहल म्हणून पैसे भरू द्या आणि दानाला दान म्हणून.

आयकराच्या बाबतीतही हाच घोळ होतो. ‘८०जी मिळेल का हो?’, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळेल का, हा प्रश्न प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, आणि उत्तर गुळमुळीत असतं. ज्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला जर्सी, खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं ती देणगी कशी होईल? देणगी ती, जिच्या बदल्यात काही घेतलेलं नाही. ती ट्रस्टच्या खात्यात जायला हवी, २,००० रुपयांच्या वर रोख असेल तर सवलतीला धरली जात नाही, ट्रस्टने आयकर खात्याला देणगीदारांची यादी कळवायची असते आणि प्रत्येकाला देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. सवलतही जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांनाच. हे सगळं नोंदणीच्या अर्जावर चार ओळींत सांगता येतं. सांगत नाही, कारण सांगायला गेलं तर शुल्क आणि देणगी वेगळी करावी लागते.

गणपतीचं मंडळ घ्या. मंडळांना नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण गल्लीतलं साधं मंडळसुद्धा पावतीपुस्तक छापतं, पावतीला नंबर असतो, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात मागच्या वर्षीचा जमाखर्च असतो. मूर्ती इतके, मांडव इतके, महाप्रसाद इतके, शिल्लक इतकी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशोब द्यावा लागतो. किती मंडळं हे काटेकोर पाळतात हा भाग वेगळा. पण हिशोब मागायचा आपला हक्क आहे हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वाण्याच्या दुकानात उभा राहून एखादा आजोबा विचारतो, ‘काय रे, गेल्या वर्षी वाद्यांना एवढे कसे गेले?’ सायकल मोहिमेत असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विचारलं तर तो निगेटिव्ह ठरतो.

आणि वारीत तर हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. दिंडीत चालणारा वारकरी आपल्या जेवणाची भिशी भरतो. वाटेत कुणी अन्नदान केलं तर ते अन्नदान. आपण जेवलो त्याचे पैसे देऊन वर पुण्यही आपल्याच नावावर मांडायचं, असा हिशोब तिथे चालत नाही.

अमेरिकेत पॅन-मास चॅलेंज नावाची सायकल मोहीम आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये होते, बॉस्टनच्या डेना-फार्बर या कर्करोग संस्थेसाठी पैसे उभे करते. १९८० साली बिली स्टार नावाच्या तरुणाने ती सुरू केली. त्याची आई कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण स्प्रिंगफिल्डहून प्रॉव्हिन्सटाउनला सायकलवर गेले आणि १०,२०० डॉलर जमले. आज त्या मोहिमेने आजवर जमवलेली रक्कम १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. आता लगेच कुणीतरी म्हणेल, ते अमेरिकन, त्यांच्याकडे डॉलर आहेत. डॉलर आहेतच. पण माझा डोळा आकड्यावर नाही, रचनेवर आहे. तिथे भाग घेणाऱ्याने नोंदणी शुल्क भरायचं ते वेगळं, आणि वर ठरावीक किमान रक्कम लोकांकडून जमवून आणायची. जमली नाही तर उरलेली त्याच्याच कार्डावरून वळती होते. स्वाराने जमवलेला डॉलरन् डॉलर संस्थेला जातो. मोहिमेचा खर्च शुल्कातून, प्रायोजकांकडून आणि वस्तुरूपाने मिळालेल्या मदतीतून भागतो. सायकल चालवणं हे तिथे निमित्त आहे. खरं काम मोहिमेच्या आधीच्या काही महिन्यांत होतं: शेजारी, नातेवाईक, सहकारी, शाळासोबती यांच्याकडे जाऊन मागण्याचं.

आपल्याकडे नेमकं हेच आपण टाळतो. मागायचं नाही. मागण्यात कमीपणा वाटतो. मी एका मोहिमेच्या बैठकीत सुचवलं होतं की प्रत्येकाने वीस ओळखीच्या माणसांकडून ५०० रुपये आणावेत. खोलीत एकदम शांतता. मग एक गृहस्थ, चांगल्या हुद्द्यावरचे, म्हणाले, ‘मीच दहा हजारांचा चेक देतो ना, पण लोकांकडे हात पसरायला सांगू नका.’ त्यांनी दिलाही. पण उरलेल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय तिथेच मिटला. वरच्या उदाहरणातले दीडशे जण धरा. प्रत्येकाने वीस जणांकडून ५०० आणले तर १५ लाख होतात. म्हणजे पाचाऐवजी अडीचशे सायकली. त्याहून महत्त्वाचं, तीन हजार माणसांना कळलं असतं की अमुक गावच्या मुली सात किलोमीटर चालत शाळेत जातात. चेकने ते होत नाही.

हात पसरण्याची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली कोण जाणे. तुमच्या पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच सातारा लागतं. तिथे रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड काढला होता. घरातल्या बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा व्हायचं, आणि त्यावर बोर्डिंग चालायचं. मुंबईच्या जुन्या रस्त्याने गेलात तर तळेगाव लागतं. तिथला काच कारखाना लोकांकडून एकेक पैसा मागून उभा राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये निघाला. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरले होते त्यासाठी. या माणसांना धनिक भेटले नसते असं नाही. पण मूठ आणि पैसा मागण्यात त्यांना एक गोष्ट साधायची होती: देणाऱ्याला संस्था आपली वाटावी. आपण त्याच रस्त्यांवरून ताशी पंचवीसच्या वेगाने जातो, डाव्या हाताला पाटी दिसते, आणि पुढच्या केळ्यांच्या टेबलापर्यंत किती किलोमीटर राहिले ते घड्याळात बघतो.

खर्च वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या टोकाला गेलेलेही पाहिलेत. ‘रुग्णवाहिका कशाला, एक जीप पुरे’ म्हणणाऱ्यांच्या मोहिमेत मी पुन्हा जाणार नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने, उसाच्या ट्रॉल्या आणि कंटेनर यांच्या शेजारून शंभर-दीडशे माणसं न्यायची तर रुग्णवाहिका हवी, मागे पडलेल्यांना गोळा करत शेवटी येणारी गाडी हवी, रिफ्लेक्टर हवेत, अपघात विमा हवा. अमेरिकेतच दुसरं एक उदाहरण आहे. डॅन पलोटा नावाच्या माणसाच्या कंपनीने नव्वदच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशा एड्सग्रस्तांसाठीच्या सायकल मोहिमा भरवल्या. प्रचंड पैसा जमला. पण कंपनीचा खर्च आणि मोबदला यावरून वाद झाले, ज्या संस्थांसाठी पैसे गोळा होत होते त्यांनीच २००२ मध्ये बाजूला होऊन स्वतःची मोहीम सुरू केली, आणि कंपनी त्याच वर्षी बंद पडली. पलोटा पुढे जाहीरपणे सांगत राहिला की खर्चावरून सेवाभावी कामाची किंमत करणं हा मूर्खपणा आहे. मोठी रक्कम उभी करायची तर पैसा लावावाच लागतो. त्याचं पटतं मला, बऱ्यापैकी पटतं. संस्थांनी चालवलेली ती नवी मोहीमही, ५४५ मैलांची, २०२५ साली शेवटची झाली, कारण खर्च वाढत गेले आणि येणारे कमी झाले. म्हणजे खर्चाचं गणित कुणालाच सुटलेलं नाही. पण तिथे भांडायला आकडे तरी समोर होते. आपल्याकडे भांडण होत नाही, कारण आकडाच नसतो.

आता त्या पाच सायकलींकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

आंबोलीच्या अलीकडे, आजऱ्याच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात आमच्या एका मोहिमेचा वाटपाचा कार्यक्रम होता. अकराची वेळ दिलेली. कोल्हापूरहून निघालेले आम्ही लोक चढाने आणि समोरच्या वाऱ्याने रखडलो, पोचेपर्यंत दीड वाजला. पटांगणात मुली रांगेत उभ्या होत्या. साडेदहापासून. हातात कागदी झेंडे, त्यातले निम्मे चुरगळलेले. नव्या सायकली मांडवाच्या कडेला, सीटवरचं प्लास्टिक तसंच. मग सत्कार, नारळ, टॉवेल-टोपी, थर्माकोलवर छापलेला चेक, प्रायोजकाच्या प्रतिनिधीचं भाषण, आणि शेवटी दोन मिनिटांत वाटप. मुलीने सायकल धरायची, पाहुण्याने हँडल धरायचं, फोटोवाल्याकडे बघायचं, पुढची.

जेवण होईपर्यंत मी शाळेच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एका खोलीत आधीच्या कुठल्यातरी वाटपातल्या सायकली एकमेकींवर रचून ठेवलेल्या होत्या. शिपाईमामा म्हणाले, ‘सायकली हायत की सायेब, काय झालं न्हाई त्यास्नी. हवा न्हाई नुसती.’ जवळचं पंक्चरचं दुकान कुठे, विचारलं. तालुक्याला. म्हणजे पंक्चर झालेली सायकल एसटीच्या टपावर घालून न्यायची, पन्नास-साठ रुपये देऊन काढायची आणि परत आणायची. कोण करणार? मुख्याध्यापक आले, फार सभ्य माणूस, आधी बोलेनात. मग हळूच म्हणाले, ‘सर, पुढल्या वर्षी सायकली दोन कमी दिल्या तरी चालतील. एक उभा पंप द्या, ट्यूबा द्या, ब्रेकचे रबर द्या. आणि सीट खाली करता येईल अशी सायकल द्या, आठवीच्या मुलींचे पाय पोचत नाहीत.’ आम्ही पाठवलेल्या सायकली सगळ्या २४ इंची होत्या. कुणी विचारलंच नव्हतं.

हे ऐकून मंडळी हळहळली, नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी मोहीम दुसऱ्या गावाला गेली, कारण नवं गाव म्हणजे नवे फोटो.

मुलींच्या सायकलींची गोष्ट सरकारलाही कळलेली आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात. बिहारने २००६ पासून मुलींना सायकली दिल्या आणि त्याने माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुली वाढल्या हे अर्थशास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं. तेव्हा सायकल उपयोगाची की नाही यावर वाद घालायची गरज नाही. आपण सरकारशी सायकलींच्या संख्येत स्पर्धा करू शकत नाही, करूही नये. आपण सायकलवाले आहोत. आपल्याला चेन कधी तेल मागते ते आवाजावरून कळतं, स्पोक सैल झाला की चाक कुठे घासतं ते कळतं. ही माहिती सरकारच्या योजनेत नाही. गावातल्या दोन पोरांना पंक्चर काढायला आणि चाक सरळ करायला शिकवलं, त्यांना पाने, लेव्हर, पॅच आणि पंप दिला, आणि तीन वर्षं ट्यूब-टायरचा खर्च ट्रस्टने उचलला, तर खोलीत रचलेल्या सायकली रस्त्यावर येतील. याला उद्घाटन करता येत नाही, एवढीच अडचण आहे.

ज्यांच्या मोहिमेत पैसे उभे करायचेच नसतात, नुसती जागृती करायची असते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे. पाच हजारांवर किलोमीटर. भारत जोडो म्हणून निघाले होते, गावोगाव थांबून लोकांशी बोलत गेले. निधी किती जमला असं त्यांना कुणी विचारणार नाही, कारण तसं ते सांगत नव्हते. पण तुमच्या पत्रकावर ‘मदतनिधी’ असं छापलेलं असेल तर आकडा विचारला जाणारच. आणि जागृतीची मोहीम असेल तर निदान जागृती तरी करा. प्लास्टिकमुक्तीच्या एका फेरीत खंबाटकीच्या कठड्यापाशी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतः पिशवीत भरल्या आहेत. त्यावर त्याच फेरीचं लेबल होतं.

प्रायोजकांबद्दल थोडक्यात. कंपनीचा माणूस ‘हे सीएसआरमधून करू’, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर कायद्याने करायच्या खर्चातून करू, असं म्हणाला की तुम्ही खूश होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं की मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरता येत नाहीत. कमानीवर नाव झळकवायचं ते जाहिरातीच्या पैशातून झळकवा, आणि सीएसआरचा पैसा त्या शाळेच्या तीन वर्षांच्या देखभालीला मागा. त्यासाठी तो चालतो. उलट तुम्हाला मागायला जास्त बळ येईल.

तर माझी विनंती अशी. नोंदणीच्या अर्जावर दोन रकाने करा. एकात माझा खर्च, जेवढा आहे तेवढा, आठ हजार असेल तर आठ हजार लिहा. परवडणार नाही तो धर्मशाळेत झोपेल. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना विचारा, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करूनही मेडल हवं असेल तर तिथे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि कुणाचं काही अडत नाही. दुसऱ्या रकान्यात मी जमवून आणायची किमान रक्कम. ती तुमच्या खात्यात नको, थेट त्या ट्रस्टच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जाऊ द्या, म्हणजे तुमच्यावरही संशय नको. ज्यांना मागायला जमत नाही त्यांना शिकवा. क्लबात चढ कसा चढावा यावर तासभर बोलणारे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याकडे पाचशे रुपये कसे मागावेत यावरही एक रविवार घाला. पहिल्या दोन घरी जीभ अडखळते, तिसऱ्या घरी चहा मिळतो.

गाव ठरवायच्या आधी, मोहिमेच्या तीन-चार महिने अगोदर, दोघे-तिघे जण मोटरसायकलने किंवा एसटीने तिथे जा आणि काय हवंय ते विचारा. तीन वर्षं तेच गाव धरा. वाटपाचा कार्यक्रम करायचाच असेल तर मुलांना उन्हात उभं करू नका. आपण पोचल्यावर घंटा द्यायला सांगा. आणि मोहीम संपल्यापासून दीड-दोन महिन्यांत एक पान छापा. किती जण आले, खर्चाचे किती जमले, कशावर गेले, दानाचे किती जमले, कुणाला कोणत्या तारखेला दिले. ते पान क्लबाच्या फलकावर लावा आणि ज्या ज्या माणसाने पन्नास रुपये जरी दिले त्याला पाठवा. सनदी लेखापाल आपल्यातच आहेत. प्रत्येक मोहिमेत निदान दोघे तरी असतात, आणि ते बहुधा माझ्या पुढेच असतात.

महागड्या सायकली, त्यावरच्या गप्पा, घाटमाथ्यावरचे सेल्फी यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. हौस आहे, असावी. तिच्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही, तसंच तिला परोपकाराचं वेष्टन घालायचीही नाही.

यंदाच्या नोंदण्या उघडल्या की मी अर्ज भरणार आहे. सोबत गेल्या वर्षीचं ते एक पान मागणार आहे. मिळालं तर पावतीपुस्तक घेऊन वीस घरं फिरायची माझी तयारी आहे, गल्लीतल्या त्या आजोबांपासून सुरुवात करून. नाही मिळालं तर राग धरणार नाही. चार मित्र मिळून त्याच रस्त्याने जाऊ, ढाब्यावर आपल्या पैशाने जेवू, आणि पंपाचे नि ट्यूबांचे पैसे मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या खात्यावर परस्पर भरू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्याचा एक सायकलस्वार

ता.क. अर्जात ‘जर्सी नको’ असाही एक पर्याय ठेवा. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांची कपाटं भरलेली आहेत, आणि त्या पर्यायावर खूण करणाऱ्यांचे नऊशे रुपये कुठल्या रकान्यात टाकायचे हे तुम्हाला सांगायला नको.